व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर आलेली नोकरी: ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशा खोट्या नोकरीच्या फसवणुकीत पैसे नुकतेच गेले असतील तर हे पान वाचत बसू नका. आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावा, मग खाली "पैसे गेले, आता काय करू?" या प्रश्नापाशी या.

बाकीच्यांसाठी: वागळे इस्टेटपासून ऐरोली, महापे, तुर्भे, तळोज्यापर्यंत कंपन्या आहेत आणि त्यांच्या आसपास काम शोधणारी घरेही तितकीच. नुकती पदवी हातात आलेली मुले, मूल लहान म्हणून घरून काही करता येईल का बघणाऱ्या बायका, कंपनी बंद पडल्यावर पन्नाशीत पुन्हा बायोडेटा लिहायला बसलेले लोक. यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

मी कुठेच अर्ज केला नव्हता. नोकरीचा मेसेज पाठवणाऱ्यांकडे माझा नंबर आला कुठून?

नोकरीच्या पोर्टलवर टाकलेल्या बायोडेटावरून, मॉलमधल्या लकी ड्रॉच्या फॉर्मवरून, कुठून तरी फुटलेल्या याद्यांवरून. कधी काहीच नसते, ओळीने नंबर घेऊन हजारोंना एकच मेसेज जातो. तुमचे नाव आणि आधीची कंपनी त्यांना ठाऊक असली तरी ती त्यांच्या खरेपणाची खूण नाही, ती माहिती बायोडेटातच असते.

अधिक ८४, अधिक ६२, अधिक २५४ अशा आकड्यांनी सुरू होणारा नंबर म्हणजे अनुक्रमे व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि केनियाचा. ठाण्यातल्या कंपनीची एचआर बाई तिथल्या नंबरावरून का बोलेल? पण नंबर भारतातला आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेली सिमकार्डे या धंद्यात सर्रास वापरली जातात.

अ‍ॅप एनक्रिप्टेड आहे. म्हणजे इथे फसवणूक होणार नाही ना?

हा गैरसमज फार महागात पडतो. एनक्रिप्शन असले की तुमच्या फोनमधून निघालेला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ते २०१६ पासून सगळ्या चॅटना लागू आहे. पण पलीकडे फोन घेऊन बसलेला माणूस कोण, याची हमी एनक्रिप्शन देत नाही. तुमची गुपिते जशी झाकली जातात, तशीच त्याची लबाडीही झाकली जाते.

टेलिग्रामबद्दल तर आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तिथले साधे चॅट, ग्रुप आणि चॅनेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एनक्रिप्टेड नसतातच. ते संरक्षण फक्त "सीक्रेट चॅट"ला असते. तरीही भामटे माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामवर नेतात, कारण त्यांची सोय तिथे जास्त आहे. फोन नंबर लपवून नुसत्या युजरनेमवर वावरता येते, एका ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य बसतात, आणि खाजगी चॅटमधले मेसेज कधीही दोन्ही बाजूंनी पुसता येतात. काल रात्रीचा पुरावा सकाळी गायब झालेला असतो.

चॅटच्या आत काय चालले आहे ते बँकेला दिसत नाही, पोलिसांना दिसत नाही, घरच्यांनाही दिसत नाही. बाहेर आणू शकता ते फक्त तुम्ही. म्हणून या पानावरचा जवळपास प्रत्येक सल्ला एकाच दिशेने जातो: नोकरीची बोलणी चॅटमधून बाहेर काढा. ऑफिसच्या पत्त्यावर जा, कंपनीच्या वेबसाइटवरचा फोन लावा, घरातल्या दुसऱ्या माणसाला मेसेज वाचायला द्या. खऱ्या नोकरीला याने काही होत नाही. खोटी नोकरी मात्र एवढ्यातच मोडून पडते.

पण त्यांनी मला खरोखर पैसे पाठवले. मग ते खोटे कसे?

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात सोपी असते. यूट्यूबचा व्हिडिओ लाइक करा, एखाद्या हॉटेलला गुगलवर पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा. एका लाइकचे पन्नास रुपये. संध्याकाळी दीडशे-दोनशे रुपये खरेच जमा होतात आणि मनातली शंका तिथेच विरघळते. हा खर्च त्यांनी मुद्दाम केलेला असतो. पुष्कळदा तो पैसाही त्यांचा नसतो, आदल्या दिवशी फसलेल्या दुसऱ्या कोणाच्या खात्यातून फिरून आलेला असतो. म्हणजे त्या दीडशे रुपयांमुळे तुमचे खातेही तपासाच्या साखळीत येऊ शकते.

मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे "प्रीपेड टास्क" असतो: हजार भरा, तेराशे मिळतील. मिळतातही. त्यानंतर पाच हजार, वीस हजार. आता पैसे खात्यात न येता त्यांच्या वेबसाइटवर "वॉलेट"मध्ये दिसायला लागतात. तो आकडा म्हणजे फक्त त्यांनी पडद्यावर लिहिलेली रक्कम. त्यामागे बँक नाही, खाते नाही.

पुढची पायरी फार क्रूर आहे. चार-पाच जणांचा एक "कॉम्बो टास्क" देतात आणि सगळ्यांनी पैसे भरल्याशिवाय कोणालाच काढता येणार नाहीत असे सांगतात. तुम्ही थांबायचे म्हटले की बाकीचे मागे लागतात. "ताई, तुमच्यामुळे माझ्या आईच्या ऑपरेशनचे पैसे अडकलेत." हे बाकीचे म्हणजे त्यांचीच माणसे. आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान नको, या चांगुलपणापोटी लोकांनी सोने गहाण ठेवून पैसे भरले आहेत. अशांना लोभी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ग्रुपमध्ये शेकडो जण आहेत, सगळे पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकतात. सगळेच खोटे असतील?

तुम्ही आणि तुमच्यासारखे एक-दोघे सोडून, हो, असू शकतात. एक माणूस अनेक खाती चालवतो. त्यातल्या एखाद्याला म्हणा, "मी ठाण्यात आहे, तलावपाळीला भेटू या." भेटायला कोणी येत नाही.

वॉलेटमध्ये चार लाख दिसतात, काढण्यासाठी आधी टॅक्स भरायला सांगतात. भरू का?

नाही. एक रुपयाही नाही. पगारातून कर कापून उरलेली रक्कम हातात येते. आयकर कोणाच्या यूपीआय आयडीवर भरला जात नाही. टॅक्स भरला की "क्रेडिट स्कोअर ८० वर आलाय, १०० करायला इतके भरा" येते, मग "खाते गोठले, सोडवायचा चार्ज" येतो. भरलेल्या पैशांच्या मागे आणखी पैसे टाकण्यातच बहुतेकांचे मोठे नुकसान होते.

खऱ्या कंपन्याही आता व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात. ओळखायचे कसे?

खरे आहे, कन्सल्टन्सीवाले मुलाखतीची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवतात. त्यामुळे "व्हॉट्सअ‍ॅपवर आली म्हणजे खोटी" असे म्हणून चालणार नाही. मी स्वतः ज्या क्रमाने तपासते तो सांगते.

पहिल्यांदा, मेसेजमधली लिंक न उघडता कंपनीची वेबसाइट स्वतः शोधायची आणि तिथल्या करिअर पानावर ही जागा आहे का पाहायचे. तिथल्याच फोनवर विचारायचे की या नावाची व्यक्ती तुमच्याकडे आहे का. मेसेजमध्ये दिलेला नंबर लावून खात्री करण्यात अर्थ नाही, तो भामट्याचाच असतो.

दुसरे, ईमेल. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून यायला हवे. कंपनीच्या नावापुढे "करिअर्स" किंवा "एचआर" जोडून केलेला जीमेलचा पत्ता हा पत्ताच नव्हे. डोमेनचे स्पेलिंग एकेक अक्षर वाचा, एखादे अक्षर बदललेले असते.

तिसरे, कागद. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले की नोंदणी केव्हाची, पत्ता कुठला हे फुकट दिसते. पण नोंदणी सापडली म्हणून काम संपले नाही. भामटे खऱ्या कंपनीचेच नाव आणि लोगो उचलतात. म्हणून चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: पत्त्यावर जा. महापे, रबाळे, वागळे इस्टेट आपल्याला किती लांब आहेत? ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याहून रबाळे पंधरा-वीस मिनिटांवर आहे. "ऑफिसला येऊन भेटते" म्हटल्यावर समोरचा काय करतो ते पाहा. खरा एचआर वेळ देईल किंवा रिसेप्शनला नाव सांगून ठेवा म्हणेल. खोटा म्हणेल, "मॅडम, प्रोसेस पूर्ण ऑनलाइन आहे, जागा आज भरतील."

आणि पैसे. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचे डिपॉझिट, युनिफॉर्म, पोलीस व्हेरिफिकेशन, नाव काहीही असो, नोकरीसाठी पैसे मागितले तर देऊ नका. सरकारी परीक्षांना शुल्क असते, पण ते अधिकृत संकेतस्थळावर अर्ज भरताना भरले जाते, कुणा "साहेबां"च्या फोन नंबरवर नाही.

नवी मुंबई विमानतळावर भरती असल्याचे मेसेज येतात. ते खरे असतात का?

विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. तिथे खरी भरती होते, म्हणूनच खोटी इतकी खपते. पनवेल-उलव्याकडच्या प्रकल्पग्रस्त घरांत तर या नोकरीकडे हक्क म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या अपेक्षेवर कोणी डल्ला मारतो याचा संताप यावा.

एक बारकावा लक्षात ठेवा. विमानतळाच्या आत काम करायला जो प्रवेश परवाना लागतो तो नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या व्यवस्थेतून मिळतो आणि त्यासाठी अर्ज करते ती तुम्हाला कामावर घेणारी संस्था. "गेट पाससाठी आठ हजार पाठवा, पुढच्या आठवड्यात जॉइनिंग" म्हणणाऱ्याकडे ना पास आहे ना नोकरी. विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफ या दलाची भरतीही जाहिरात आणि परीक्षेतून होते, एजंटकडून नाही. सिडको आणि महापालिकेच्या भरतीचेही तेच: त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहिरात नसेल तर भरती नाही.

घरून डेटा एंट्रीचे काम घेतले. आता म्हणतात चुका जास्त झाल्या, करार मोडला, कोर्टाची नोटीस पाठवली. भरपाई द्यावी लागेल का?

घाबरू नका. हा ठरलेला सापळा आहे. काम असे दिले जाते की सांगितलेली अचूकता गाठताच येऊ नये, किंवा मुदतीच्या दिवशी त्यांची वेबसाइट उघडतच नाही. मग "वकील" फोन करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर शिक्क्यांची पीडीएफ येते आणि "आत्ता इतके भरले तर केस मागे घेऊ" असे सांगितले जाते. कोणतेही न्यायालय फोनवरून तडजोडीची रक्कम कुणाच्या खात्यात मागत नाही. पैसे देऊ नका, नोटीस जपून ठेवा आणि तीच घेऊन पोलिसांकडे जा. कागद खराच आहे की काय अशी शंका असेल तर ठाणे जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखवा. महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत मदत मिळते.

काम फक्त एवढेच आहे: माझ्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवायचे. यात माझे काय जाते?

स्वातंत्र्य जाऊ शकते. इतके स्पष्ट सांगायलाच हवे, कारण कॉलेजच्या मुलांना "पेमेंट एक्झिक्युटिव्ह" अशा नावाने हे काम दिले जाते, किंवा खाते, एटीएम कार्ड आणि सिम "भाड्याने" मागितले जाते. येणारा पैसा फसवणुकीचा असतो. पोलीस पैशाच्या मागावर निघाले की पहिले दार लागते ते तुमचे, कारण केवायसी तुमचे आहे. भामटा कुठल्या देशात बसला आहे ते कळायच्या आधी तुम्हाला पोलीस ठाण्यात बोलावणे येते. आधीच दिले असेल तर आज बँकेत लेखी कळवा, खाते थांबवा, वकिलाचा सल्ला घ्या आणि स्वतःहून पोलिसांना सांगा. बोलावणे येण्याची वाट पाहणे हा सगळ्यात वाईट पर्याय.

थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार लाखाच्या घरात, तिकीट त्यांचे. मुलगा जायला निघालाय.

थांबवा त्याला. बँकॉकला उतरवून माए सोत या थायलंडच्या सीमेवरच्या गावामार्गे सीमेपलीकडे म्यानमारला नेतात, किंवा कंबोडिया, लाओसला. पासपोर्ट काढून घेतात आणि कुंपणाच्या आत बसवून आपल्याच लोकांना फसवण्याचे काम करवून घेतात. म्हणजे तुम्हाला टास्क देणारी ती "एचआर मॅडम" कदाचित अशीच अडकलेली कुणाची तरी मुलगी असते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५०० हून अधिक भारतीयांना माए सोतहून परत आणले.

परदेशी नोकरीचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, त्याची पावती द्यावी लागते. पर्यटक व्हिसावर नोकरीला पाठवणारा एजंट, मग तो नात्यातला असो की गावातला, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आधार-पॅनचे फोटो पाठवून बसले. आता?

आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर होते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते पाहा आणि अनोळखी असेल त्याची तिथेच तक्रार करा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो काढून आपण न घेतलेले कर्ज दिसते का बघा. पुढे कधी आधार द्यायची वेळ आली तर शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकलेले मास्क्ड आधार द्या.

मुलाखतीसाठी एक अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितले.

चॅटमध्ये आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप बसवणारी) उघडू नका, स्क्रीन शेअर करू नका. उघडली असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, व्हॉट्सअ‍ॅपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये अनोळखी उपकरण दिसते का पाहा. शक्य असेल तर फोन फॅक्टरी रिसेट करा, पण त्याआधी पुराव्याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून घ्या.

पैसे गेले, आता काय करू?

१९३०. हा केंद्रीय गृह मंत्रालयाचा हेल्पलाइन क्रमांक आहे. लागला नाही तर पुन्हा लावा आणि तोपर्यंत दुसऱ्या कुणाला सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला बसवा. घाई का, ते समजून घ्या. तुमचे पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पांगतात आणि शेवटी रोख किंवा क्रिप्टो होऊन निघून जातात. तक्रार नोंदली गेली की ती साखळीतल्या बँकांकडे जाते आणि जिथे रक्कम अजून पडून असेल तिथे ती रोखली जाते. रविवार आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, मुलांना विचारून बघते, यातला कुठलाच विचार नको.

हाताशी ठेवा: प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराला देते तो नंबर), रक्कम, वेळ, ज्याला पाठवले त्याचा यूपीआय आयडी किंवा खाते, आणि बँकेचे स्टेटमेंट. ग्रुपमधून लगेच बाहेर पडू नका, रागाने काही लिहूही नका. आधी स्क्रीनशॉट काढा: ग्रुपचे नाव आणि लिंक, समोरच्याचे युजरनेम, नंबर, वेबसाइटचा पत्ता, पैसे मागणारा प्रत्येक मेसेज. त्यांना तक्रारीचा सुगावा लागला की सगळे पुसले जाते. त्याच वेळी बँकेलाही कळवा. मिळालेला पोचक्रमांक लिहून ठेवा, पुढे सगळे त्यावर चालते.

राहतो डोंबिवलीत, कंपनीचा पत्ता बेलापूरचा सांगितला होता. तक्रार कुठल्या पोलिसांकडे?

तुम्हाला जवळ असेल त्या पोलीस ठाण्यात. डोंबिवली, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येते. ऐरोली-वाशीपासून पनवेल-उरणपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय. मिरा-भाईंदरचे आयुक्तालय वेगळे आहे. पण हद्दीच्या नावाखाली परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे कलम शांतपणे, नावानिशी सांगा.

बँक भरपाई देईल का?

खोटी आशा दाखवणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमचा दोष नसताना तिसऱ्याच कुणी परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तुमच्यावर भार येत नाही. टास्कच्या फसवणुकीत मात्र पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे हे संरक्षण बहुधा लागू होत नाही. खरी आशा रोखल्या गेलेल्या रकमेत असते. ती बहुधा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते, काही वेळा लोकअदालतीतून. वेळ लागतो. पाठपुरावा सोडू नका.

टेलिग्रामवर एकाने सांगितले, दहा टक्के फी घेऊन पैसे परत मिळवून देतो.

तो त्याच टोळीतला आहे, किंवा फसलेल्यांची यादी विकत घेतलेला दुसरा भामटा.

आई रोज टास्क करते. सांगितले की चिडते, "तुला माझी कमाई बघवत नाही" म्हणते.

"तू फसतेयस" असे तोंडावर म्हटले की माणूस आणखी घट्ट धरून बसतो, आणि पुढचे हप्ते लपून भरतो. भांडू नका. तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, "वॉलेटमधले सगळे पैसे आज खात्यात घेऊ, मग हवे तर उद्या पुन्हा सुरू कर." काढायचा प्रयत्न तिच्याच हाताने होऊ द्या. अडवणूक तिला स्वतःला दिसेल. त्याच बैठकीत बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून घ्या, आणि मग लगेच १९३० लावा. वडिलांना किंवा सुनेला सांगायची घाई करू नका, ते तिचे तिलाच सांगू द्या. गेलेल्या पैशांपेक्षा चारचौघांत होणाऱ्या शोभेची भीती तिला जास्त असते.

फोनमध्ये काय बदलून ठेवू?

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत "ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते" तिथे फक्त "माझे संपर्क" ठेवा, अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. टेलिग्राममध्येही ग्रुप आणि चॅनेलसाठी तसेच करा.

खरे काम फुकटात कुठे शोधू?

राज्य सरकारचे महास्वयम् आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस ही दोन्ही पोर्टल विनाशुल्क आहेत. जिल्ह्याचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र रोजगार मेळावे घेते, तिथे कंपनीचा माणूस समोर बसलेला असतो.

मी फसले नाही, नुसते ब्लॉक केले. तरी तक्रार करायची का?

करा. ब्लॉक करताना "रिपोर्ट"ही दाबा, आणि संचार साथीच्या "चक्षू" सुविधेत तो नंबर नोंदवा. तुमच्याकडून सुटलेला तो माणूस पुढच्या मिनिटाला घणसोलीतल्या दुसऱ्या कुणाला "हॅलो मॅडम" लिहीत असतो. नंबर बंद पडला तर तेवढे घर वाचते.